विद्यापीठाचा अर्ज कोणीं भरावा?

(एका खेड्यांतील शिक्षकाकडून)

बारावीचा निकाल लागला कीं आमच्या गांवांत दोन ठिकाणीं गर्दी होते. एक मिठाईच्या दुकानांत आणि दुसरी एस. टी. स्टँडसमोरच्या संगणकाच्या दुकानांत. मिठाईवाल्याकडची गर्दी एका दिवसांत ओसरते. दुसऱ्या दुकानांतली पुढें दोन महिने हटत नाहीं. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बाप बांकड्यावर बसलेला असतो, मुलगा किंवा मुलगी मागें उभी असते आणि पडद्यासमोरचा पोरगा एकामागून एक रकाने भरीत जातो. तो काय भरतो हें बापाला दिसत नाहीं; मुलाला दिसतें पण कळत नाहीं; आणि भरणाऱ्याला कळतें, पण त्याला त्याचें सोयरसुतक नाहीं. पावती हातांत पडली कीं दुकानाचे पैसे चुकते करून मंडळी घरीं येतात. वाटेंत भेटलीं तर आम्हांला सांगतात, "गुरुजी, फारम भरला." कोणत्या कॉलेजाला, कोणत्या शाखेला, कोणत्या प्रवर्गांतून, पसंतीचा क्रम कोणता, असें पुढें विचारावें तर बाप मुलाकडे पाहतो आणि मुलगा जमिनीकडे पाहतो.

आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ माणदेशांतल्या खेड्यांत प्राथमिक शाळेंत शिकवितों. आमच्या हाताखालून गेलेलीं मुलें बारावीला पोंचलीं कीं कागद दाखवावयाला पुन्हां आमच्याकडेच येतात. आमचें स्वतःचें शिक्षण बारावीनंतर मराठी अध्यापक विद्यालयांत झालें. विज्ञानाची पदवी घ्यावी असें मनांत होतें, गुणही बरे होते. परंतु वडील तालुक्याच्या एका कॉलेजांत अर्ज आणावयाला गेले तेव्हां खिडकींतल्या कारकुनानें "मुदत काल संपली" एवढेंच सांगितलें. अर्जाला मुदत म्हणून कांहीं असते, हें आमच्या घरांत त्या दिवशीं प्रथम कळलें. पुढें नोकरी करीत करीत नाशिकच्या मुक्त विद्यापीठांतून आम्हीं बी. ए. केलें. तेव्हां येथें जें लिहितों तें ऐकीव नव्हे.

आमचें म्हणणें एकच आहे. विद्यापीठाचा अर्ज हा निकालानंतर दुकानांत जाऊन भरून घ्यावयाचा कागद नव्हे. तें घराचें काम आहे, आणि तें निकालाच्या निदान दोन वर्षें आधीं सुरू झालें पाहिजे. पेरणी मृगांत करावयाची तर नांगरट उन्हाळ्यांतच होते, हें शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. मग मुलाच्या बाबतींतच आम्ही पाऊस पडल्यावर नांगर कां शोधतों?

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या गांवांतील एका कुंभाराची मुलगी बारावी विज्ञानाला चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली. राज्याची सी. ई. टी. तिनें आधींच दिली होती व तींतही ती चांगली निघाली. पहिल्याच फेरींत अभियांत्रिकीची जागा मिळाली. घरांत आनंदीआनंद झाला. बापानें चाक बंद ठेवून आळींत पेढे वांटले. जागा इतर मागासवर्गाच्या राखीव जागांपैकीं होती, आणि तिच्यासाठीं जातीचा दाखला पुरत नाहीं, जिल्ह्याच्या समितीचें जात वैधता प्रमाणपत्र लागतें. तो अर्ज मुलीनें केला होता, पण केव्हां, तर निकाल लागल्यावर, जून महिन्यांत. तोंवर केवळ अर्जाच्या पावतीवर तिचें नांव यादींत चढलें आणि प्रमाणपत्र आणून देण्याला मुदत मिळाली.

आतां हें प्रमाणपत्र म्हणजे काय, तें वाचकांनीं नीट समजून घ्यावें. आपण अमुक जातीचे व या राज्याचे रहिवासी आहों, हें ठराविक तारखेच्या आधींच्या कागदांवरून दाखवावें लागतें. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, अशा या तारखा आहेत. त्यापूर्वींचा आज्याचा किंवा पणज्याचा शाळेचा दाखला असेल तर काम बरेंच हलकें होतें. परंतु ज्या घरांतील आजा शाळेची पायरीच चढला नाहीं, त्यानें तो दाखला कोठून आणावा? ज्यांना शाळेनें पूर्वीं आंत घेतलें नाहीं, त्यांच्याच नातवंडांना आतां शाळेचा कागद मागावयाचा, हा न्याय ऐकावयाला मोठा विचित्र वाटतो. परंतु नियम तो आहे, आणि नियम बदलेपर्यंत मुलगी थांबूं शकत नाहीं.

आम्ही त्या मुलीला घेऊन हिंडलों. तहसील कचेरींत जन्ममृत्यूचें जुनें रजिस्टर काढविलें. तें गांव नमुना चौदा म्हणून ओळखतात. त्याचीं नेमकीं हवीं तीं पानें वाळवीनें खाल्लीं होतीं. आज्याच्या नांवावर जमीन नव्हती, त्यामुळें फेरफार नाहीं. शेवटीं तिच्या म्हाताऱ्या आजीला आठवलें कीं, आज्याचा धाकटा भाऊ मामाच्या गांवीं राहून एक वर्ष शाळेंत जात होता. त्या गांवच्या शाळेंत गेलों. तेथील शिक्षकबंधूंनीं माळ्यावरून जनरल रजिस्टर खालीं काढलें, धूळ झटकली, आणि दोन तासांनीं तें नांव सांपडलें. पुढें जातीच्या रकान्यांत स्वच्छ अक्षरांत 'कुंभार' असें लिहिलेलें. आजीला वाचतां येत नाहीं, पण त्या कागदाची नक्कल तिनें कपाळाला लावली.

प्रमाणपत्र मिळालें, परंतु मुदत संपल्यावर अकरा दिवसांनीं. तोंवर मुलीचें नांव राखीव प्रवर्गांतून खुल्या प्रवर्गांत गेलें होतें आणि जागा हातची गेली होती. सरकार कधीं कधीं अशी मुदत वाढवून देतें, पण तें ओरड झाल्यावर, आणि दरवर्षीं देईल असा भरंवसा नाहीं. पुढच्या सालीं पुन्हां सी. ई. टी. द्यावी असें आम्हीं सुचविलें. घरांत धाकटा भाऊ दहावीला होता, दुसरीकडे मुलीच्या स्थळाची बोलणीं सुरू झालीं होतीं. वर्षभर कोणी थांबूं देईना. "गुरुजी, पोरीच्या नशिबांत नव्हतं," असें बाप म्हणाला. आम्हीं त्याला तेथल्या तेथें सांगितलें, आणि येथेंही सांगतों, कीं यांत नशिबाचा कांहीं संबंध नाहीं. तोच अर्ज अकरावींत असतांना केला असता तर ती मुलगी आज अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असती. विज्ञान शाखेच्या मुलांनीं आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत तो आधींच करावा अशी सोय आहे. तिला तें कोणीं सांगितलें नाहीं, आणि आम्ही प्राथमिकचे शिक्षक म्हणून आम्हींही विचारलें नाहीं.

या बाबतींत आमच्या धंद्याचा एक दोष कबूल केला पाहिजे. पहिलींत नांव दाखल करतांना आम्ही जें लिहितों तेंच जन्मभर मुलाच्या मागें लागतें. आमच्या भागांत निम्मीं माणसें १ जूनला जन्मलीं आहेत. त्यांच्या आयांनीं एकाच दिवशीं कळा दिल्या असें नव्हे. शाळा जूनमध्यें उघडते आणि मास्तरांना सहा वर्षें पुरीं दाखवावयाचीं असतात, म्हणून. नांवांचेंही तेंच. शाळेंत बापाचें नांव 'विठोबा', आधार कार्डावर 'विठ्ठल', सातबाऱ्यावर 'इठ्ठल', आणि इंग्रजी अक्षरांत लिहावयाची वेळ आली कीं प्रत्येक कचेरीची तऱ्हा निराळी. गांवांत या तिघांना एकच माणूस म्हणून सगळे ओळखतात. संगणक ओळखीत नाहीं. दहावीच्या परीक्षेचा अर्ज जाण्याआधीं हीं नांवें एकदां शेजारीं शेजारीं ठेवून पाहावींत. त्या वेळीं दुरुस्ती शाळेंतल्या शाळेंत होते. बोर्डाचें प्रमाणपत्र छापून आल्यावर तिच्यासाठीं खेटे घालावे लागतात.

आतां परीक्षांविषयीं. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. यांना बहुतेक ठिकाणीं अजूनही बारावीच्या गुणांवर जागा मिळते, आणि विद्यापीठाच्या किंवा कॉलेजाच्या संकेतस्थळावर वेळेंत नोंद केली कीं काम होतें. परंतु अभियांत्रिकी, औषधनिर्माण, शेतकी, पांच वर्षांचा कायद्याचा अभ्यास यांना राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा लागते. बी. बी. ए., बी. सी. ए. यांना पूर्वीं लागत नसे. २०२४ सालीं ती प्रथमच लागू झाली, आणि त्या सालीं कितीतरी मुलांना तें कळलें तेव्हां परीक्षा होऊन गेली होती. दिल्ली, बनारस, हैदराबाद येथील केंद्रीय विद्यापीठांना २०२२ पासून निराळी परीक्षा आहे. ती तेरा भाषांत होते व त्यांत मराठी आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं किती जणांना ठाऊक असेल? त्या विद्यापीठांची फी पुष्कळदां आमच्या जिल्ह्यांतल्या खासगी कॉलेजांपेक्षां कमी असते. या साऱ्या परीक्षांचीं नांवनोंदणी बारावीची परीक्षा होण्याच्या आधीं किंवा ती चालू असतांना होते. म्हणजे गांवांत पेढे वांटले जातात तेव्हां निम्मीं दारें बंद झालेलीं असतात.

आमच्या एका शेतकरी मित्राचा मुलगा बारावीला चौऱ्याऐंशी टक्के गुण घेऊन आला. राहुरीला जाऊन शेतकीची पदवी घ्यावयाची असें तो आठवीपासून म्हणत होता. राज्यांत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशीं चार कृषी विद्यापीठें आहेत. चारांपैकीं एकाचेंही दार त्याला उघडलें नाहीं, कारण त्यानें सी. ई. टी.चा अर्जच भरला नव्हता. चौऱ्याऐंशी टक्के हा त्याच्या दृष्टीनें मोठा आंकडा होता. मुलाची चूक नाहीं. ज्या घरांत दहावीच्या पुढें कोणी गेलें नाहीं, त्या घरांत ही माहिती आकाशांतून पडत नाहीं.

दाखल्यांच्या बाबतींत आणखी एक-दोन गोष्टी. इतर मागासवर्गाच्या मुलांना नॉन-क्रिमिलेयर दाखला लागतो आणि त्याची मर्यादा आठ लाख रुपयांची आहे. पुष्कळ शेतकरी द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या एका चांगल्या सालाचा हिशोब करून "आपण बसत नाहीं" असें समजून गप्प राहतात. केंद्राच्या १९९३ च्या नियमाप्रमाणें या उत्पन्नाच्या हिशोबांत शेतीचें उत्पन्न आणि पगार धरीत नाहींत. उलट आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याला सगळें उत्पन्न धरतात, शेतीचेंही. दोन्ही दाखल्यांवर आंकडा आठ लाखांचाच असल्यामुळें भले भले फसतात. शिवाय केंद्रीय विद्यापीठांना राज्याच्या नमुन्यांतला इतर मागासवर्गाचा दाखला चालत नाहीं. त्यांचा नमुना निराळा. हा फरक न कळल्यामुळें हातीं आलेली जागा गेल्याचें आम्हीं पाहिलें आहे. आणि कचेरींत कोणताही अर्ज दिला कीं तारखेची पोंच घ्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें या दाखल्यांना दिवसांची मर्यादा घालून दिली आहे व ती मोडल्यास वर अपील करतां येतें. पोंच नसेल तर अपील कशावर करणार? शेतकरी बाजारांत वांगीं विकून पट्टी मागतो; कचेरींत मात्र तो हात जोडून रिकामा परत येतो.

आतां दलालांकडे वळूं. निकालानंतर तालुक्याच्या गांवीं मोठमोठे फलक लागतात, 'प्रवेश मार्गदर्शन', 'खात्रीशीर जागा'. गोड बोलणारा माणूस घरीं येतो, चहा घेतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. आमच्या शेजारच्या वाडींतील एका सुताराच्या मुलीसाठीं असाच एक गृहस्थ आला. जागा व्यवस्थापनाच्या कोट्यांतली. "फेऱ्यांची वाट पाहाल तर कांहींच मिळणार नाहीं" असें सांगून त्यानें पतसंस्थेचें कर्ज काढून पैसे भरावयाला लावले. पहिली फेरी अजून व्हावयाची होती! राज्य सरकारनें २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग यांतील मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट एवढीच कीं कुटुंबाचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत असावें आणि प्रवेश केंद्रीय फेरींतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्याला ती माफी नाहीं. ज्या शाखेसाठीं त्या सुतारानें कर्ज काढलें, तीच शाखा त्याच जिल्ह्यांत फेरींतून तिच्याहून कमी गुणांच्या मुलीला फीशिवाय मिळाली. कर्जाचे हप्ते आजही चालू आहेत, आणि तो गृहस्थ पुढच्या उन्हाळ्यांत पुन्हां वाडींत आला होता.

आमचे वाडवडील कुलकर्ण्याच्या लेखणीला भीत असत. काय लिहिलें हें वाचतां येत नसे, आणि अंगठा मात्र आपला असे. जोतीरावांनीं त्या भीतीवर शाळा हा उपाय सांगितला. आज आमचीं मुलें वाचूं शकतात, तरी अंगठा उठवावयाची संवय गेली नाहीं. आतां तो अंगठा भ्रमणध्वनीवर आलेला सहा आंकड्यांचा गुप्त क्रमांक दुसऱ्याला वाचून दाखवितो, एवढाच फरक. आणि स्पष्ट बोलावयाचें तर आजचा लेखणीवाला बहुतेक वेळां परका नसतो. दुकान आपल्याच भावकींतलें, दलाल आपल्याच पाहुण्यांतला, आणि कोट्याचें कॉलेज काढणारे पुढारीही पुष्कळदां आपल्याच जातींचे असतात. दुसऱ्याच्या नांवानें बोटें मोडून येथें भागणार नाहीं.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं जें निवेदन केलें, त्यांतली प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनांत विद्यापीठाविषयींही एक मागणी आहे, ती फारसें कोणी सांगत नाहीं. मुंबई विद्यापीठानें घरीं अभ्यास करणाऱ्यांना प्रवेशपरीक्षेस बसूं दिलें याबद्दल समाधान दाखवून, तीच सवलत वरच्या पदवी परीक्षांनाही द्यावी, असें त्यांनीं मागितलें. ज्यांना घरदार व धंदा सोडून शहरांत राहतां येत नाहीं, त्यांचा विचार त्या माणसानें तेव्हां केला होता. घरीं राहून शिकणाऱ्यांसाठींच असें स्वतंत्र विद्यापीठ महाराष्ट्रांत निघावयाला १९८९ साल उजाडावें लागलें, आणि आम्ही स्वतः त्याचें खाल्लेलें मीठ विसरलों नाहीं. ज्या घरांत थोरल्या मुलाला शेत सोडतां येत नाहीं, त्यानें हा मार्ग कमीपणाचा मानूं नये. मात्र मुलगी हुशार असून, जागा मिळत असून, केवळ ती घराबाहेर नको म्हणून तिला या मार्गाला लावणारे बापही आम्ही पाहतों. त्यांना जोतीरावांचें नांव घेण्याचा अधिकार नाहीं. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ सालीं सावित्रीबाईंचें नांव मिळालें. वेशीवर नांव चढलें. आंत कोणाची लेक गेली हें त्या वेशीला दरवर्षीं विचारावें लागेल.

राहण्याचा प्रश्न वेगळाच आहे. शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठीं वसतिगृहें उभीं केलीं, कारण खेड्यांतलें पोर शहरांत आलें तर निजेल कोठें व जेवेल काय, हें त्यांनीं आधीं पाहिलें. भाऊराव पाटलांनीं साताऱ्याला तेंच काम हातीं घेऊन मुलांना कमवून शिकावयाला लावलें. आजही सरकारी वसतिगृहें आहेत. अल्पभूधारकांच्या व नोंदणी झालेल्या मजुरांच्या मुलांसाठीं पंजाबराव देशमुखांच्या नांवानें निर्वाह भत्त्याची योजना आहे. परंतु हे अर्ज कॉलेजाच्या अर्जांतून आपोआप होत नाहींत, ते स्वतंत्र भरावे लागतात. प्रवेश मिळाला या आनंदांत ती मुदत निघून जाते, आणि मग पोरगा एका खोलींत सहाव्याच्या शेजारीं पथारी टाकतो व दिवाळींत घरीं आला कीं परत जात नाहीं.

पसंतीच्या क्रमाविषयीं थोडें. केंद्रीय फेरींत कॉलेजांची यादी क्रमानें द्यावी लागते, आणि पहिल्या फेरींत पहिलीच पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. पुढच्या फेऱ्यांत सुधारणा करून मिळत नाहीं. दुकानदार जवळची किंवा ओळखीची कॉलेजें वर टाकून मोकळा होतो. ही यादी घरीं बसून, मुलाला समोर घेऊन, कागदावर लिहावी. कोणती शाखा हवी, किती दूर जातां येईल, बसभाडें किती, वसतिगृह आहे कीं नाहीं, हें सर्व पाहूनच क्रम लावावा. त्यांत बापाचें मत असावें, पण शेवटचा शब्द शिकणाऱ्याचा असावा. मामाचा मुलगा संगणकाला गेला म्हणून आमच्यालाही संगणक, हें चालूं नये. इतिहास किंवा मराठी घेऊन बी. ए. करणारें मूल वायां गेलें, अशीही समजूत हल्लीं पसरली आहे. तिच्यावर पुन्हां कधीं लिहूं.

सरकारकडे आमचें मागणें फार मोठें नाहीं. जात वैधतेचा अर्ज निकालानंतरच्या घाईंत नव्हे, तर नववी-दहावींतच शाळेमार्फत भरून घ्यावा, म्हणजे कागद शोधावयाला तीन वर्षें मिळतील. ज्या घरांत जुना शाळेचा दाखला असणेंच शक्य नव्हतें, त्यांच्यासाठीं दप्तर शोधण्याचें ओझें मुलीच्या डोक्यावर न टाकतां कचेरीनें उचलावें. रजिस्टरें कचेरीचीं आहेत, वाळवीही कचेरीचीच आहे. नोंदणीच्या दिवसांत प्रत्येक माध्यमिक शाळेंतील संगणक व एक जाणता शिक्षक मुलांसाठीं मोकळा ठेवावा. निवडणुकीच्या कामाला शिक्षक मिळतात, जनगणनेला मिळतात. प्रवेशाच्या कामालाच ते कां मिळूं नयेत?

तोंपर्यंत आम्ही वाट पाहत बसणार नाहीं. येत्या दिवाळीपासून दर रविवारीं सकाळीं आठ ते अकरा आमच्या शाळेच्या ओट्यावर आम्ही बसणार आहों. अकरावी-बारावीच्या मुलांनीं आईबापांसह यावें. येतांना आधार कार्ड, दहावीचा दाखला, बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि आज्याचा किंवा चुलत आज्याचा जो कांहीं जुना कागद पेटींत असेल तो आणावा. फाटका असला तरी चालेल. फी नाहीं. संगणक आमच्या पुतण्याचा आहे. कुंभाराची ती मुलगी आतां तालुक्याच्या कॉलेजांत बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्ज कसा भरावा हें दाखवावयाला ती आमच्याबरोबर बसणार आहे. तिच्या प्रमाणपत्राच्या आधारानें तिच्या धाकट्या भावाचा वैधतेचा अर्ज तिनें तो अकरावींत गेल्याबरोबर जून महिन्यांत देऊन ठेवला. त्याची पोंच तिच्याजवळ आहे.